ताईच्या वाटेनं टिटवाळा

ताई गेली त्याला महिना झाला, तेव्हा भाचीनं तिची पर्स माझ्या हाती दिली. "मावशी, तूच उघड. माझ्यानं होत नाही." आत रेल्वेचा पास, गुडघ्याच्या गोळ्या, सुट्ट्या पैशांची बटव्याएवढी पिशवी, केसांच्या पिना आणि एक वही. पातळ, गुलाबी पुठ्ठ्याची, आत बारीक चौकोन छापलेली. एकेका चौकोनात रामाचा तेरा अक्षरी मंत्र. गोंदवलेकर महाराजांना मानणाऱ्या घरांत अशा जपाच्या वह्या असतात, डोंबिवलीत तर असतातच. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, आणि तिच्याखाली ताईच्या अक्षरात "डों. ते ठाणे" किंवा "कल्याण ते टिट." असं लिहिलेलं. म्हणजे ती गाडीत बसून लिहायची. गाडीनं हिसका दिला तिथे 'श्री'चा फटकारा पुढच्या चौकोनात गेलेला दिसतो.

नऊ वर्षांपूर्वी भाऊजी अचानक गेले, तेव्हापासून ती लिहीत होती. त्या आधी घरात देव होते, सण होते, पण ताई काही देवभोळी नव्हती. मी एकदा तिला विचारलंही होतं, जरा तोऱ्यातच, की काय मिळतं तुला हे लिहून? ती म्हणाली, "मिळत काही नाही गं. हात रिकामा राहत नाही." तेव्हा ते मला उत्तर वाटलं नव्हतं.

आपल्याकडे रीत अशी, की ज्या दिवसांत माणूस सर्वांत जास्त मोडलेला असतो, त्याच दिवसांत त्याला देवळाची पायरी बंद. सुतक. देव्हाऱ्यातल्या देवांची पूजासुद्धा शेजाऱ्यांनी करायची. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेली, म्हणून तिचं सुतक मला लवकर सुटलं. गुरुजींनी तसं सांगितलं आणि मग माझ्याकडे बघून ते गप्प राहिले. सुटलं तरी माझे पाय देवळाकडे वळले नाहीत. वळले ते वही हाती आल्यावर. श्रावण लागला होता. ठरवलं, दोन दिवस रजा टाकायची, तिसऱ्या दिवशी जमेल तसं ऑफिस गाठायचं आणि वहीतल्या स्टेशनांवर जाऊन यायचं. सोमवारी ठाणं, कारण मी ठाण्यातच राहते. मंगळवारी टिटवाळा, कारण ताईचा मंगळवार कधी चुकला नाही.

श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराला जायचं तर जांभळी नाक्याच्या बाजारातूनच जावं लागतं. पावसानं चिखल झालेला, एका बाजूला अळू आणि टाकळ्याच्या जुड्या, दुसऱ्या बाजूला बेल, पांढरी फुलं, धोत्र्याची फळं. बेलाची जुडी घेताना फूलवाली म्हणाली, "पानं उलटसुलट करून बघा ताई, भोकाचं घालू नका." रांगेत पाऊण तास गेला. पुढच्या म्हाताऱ्या बाई मला ओळखत नव्हत्या, तरी वळून म्हणाल्या, "मिस्टर गेल्यापासून सोमवार धरलाय." मी म्हटलं, "माझी बहीण." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पुढे बघू लागल्या. महिनाभर लोक मला समजावत होते. आयुष्याची दोरी, देवाला आवडला तो, तिला त्रास झाला नाही हेच नशीब. त्या बाईंनी यातलं काही म्हटलं नाही. मला बरं वाटलं.

हे देऊळ ठाण्याचं ग्रामदैवत. आजचं बांधकाम पेशवाईतलं, सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये करवलेलं. पण देवस्थानाची परंपरा शिलाहारांपर्यंत मागे जाते. शिलाहारांची राजधानी इथे असताना मासुंदा तलावाच्या काठी शंकर होता, मग पोर्तुगीज आले, देवळं गेली, आणि मराठ्यांनी मुलूख परत घेतल्यावर देव पुन्हा उभा राहिला. गाभाऱ्यातलं लिंग कवेत मावणार नाही एवढं मोठं. कौपिन म्हणजे लंगोटी. ज्याच्याजवळ लंगोटीपलीकडे काही नाही असा हा देव. ज्याचं सगळं गेलंय त्यानं याच्यापुढे उभं राहायला लाजायचं कारण नाही, असं मला त्या ओल्या, धुरकट गाभाऱ्यात वाटलं. मी काही मागितलं नाही. मागायचं ते मागून मिळण्यातलं नव्हतंच. बेल वाहिला, हात दगडाला लावला. दगड गार होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. तिथे मी पहिल्यांदा नीट रडले. मागचा माणूस थांबला. पुजाऱ्यानंही "चला, चला" केलं नाही.

तलावाला वळसा घातला की दुसऱ्या काठाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं. ठाण्यात जन्म काढलेल्या माणसालासुद्धा सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, एप्रिल १३२१ मध्ये, टॉलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस असे चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा डोमिनिकन साधू त्या वेळी गुजरातच्या वाटेवर होता. बातमी कळताच तो परतला आणि त्यानं सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्यानंतर हा माणूस या परक्या किनाऱ्यावर एकटाच उरला. त्यानं धर्मबंधूंना लिहिलेली पत्रं आजही आहेत. त्यांत आजारपण आहे, एकटेपण आहे, कोणीतरी या अशी विनवणी आहे. तो इथून पळून गेला नाही. पुढे त्यानं हिंदुस्थानच्या नवलाईवर एक ग्रंथ लिहिला. त्यात इथली झाडं, फळं, प्राणी आहेत. १३२९ मध्ये तो कोल्लमचा बिशप नेमला गेला. आपल्या माणसांना ज्या मातीत पुरलं तिथलीच झाडं आणि फळं हा माणूस लिहून ठेवतो, हे मला फार मोठं वाटतं. चर्चमध्ये मी मेणबत्ती लावली. ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरी साफ करून तिथे फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येपासून ते काही फार लांब नाही.

टेंभी नाक्याला जैनांचं मुनिसुव्रत स्वामींचं मंदिर आहे. श्रीपाळ राजा आणि मयणासुंदरीची कथा ठाण्याशी जोडलेली. नवरा कुष्ठानं पीडलेला, आणि तिनं नऊ दिवसांच्या आयंबिलाचं व्रत धरलं. तूप, तेल, दूध, साखर यांशिवायचं एकवेळचं अळणी जेवण. ते व्रत चैत्र-आश्विनात आजही धरतात. मी दारातूनच नमस्कार केला, कारण मला त्या दिवशी त्याच भागातलं आणखी एक दार बघायचं होतं.

सिव्हिल हॉस्पिटलजवळचं ज्यू लोकांचं प्रार्थनालय, शआर हशामायिम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. १८७९ सालचं. बेने इस्राएल हे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नवस फेडायचा तर ते एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करतात. गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण याच समाजातली. ती आता इस्राएलला आहे. तिचे वडील गेले तेव्हा तिनं मला कद्दीश समजावून सांगितलं होतं. मृतासाठी मुलांनी म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही. देवाचं मोठेपण आणि शांतीची मागणी, एवढंच. आणि ती एकट्यानं म्हणता येत नाही. परंपरेनं दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. "बाबांच्या वेळी दहावा माणूस मिळेना," ती म्हणाली होती, "शेवटी ओळखदेख नसलेले एक काका दोन गाड्या बदलून आले." रांगेतल्या बाई मला तेव्हा पुन्हा आठवल्या.

ताईचं दुःख नुसत्या देवावर भागलं नव्हतं, हेही लिहायला हवं. भाऊजी गेल्यावर ती चार महिने झोपली नाही. जेवण सुटलं, कामावर चुका व्हायला लागल्या. नात्यातल्या एकांनी सांगितलं, "देवाचं नाव घे, गोळ्या कशाला?" हे असं सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वर्षभर ती दर शुक्रवारी त्यांच्याकडे आणि दर मंगळवारी टिटवाळ्याला जात होती. दोन्हींत तिला विरोध दिसला नाही. आमच्या लहानपणी "याला ठाण्याला पाठवा" ही मुंबईकरांची थट्टा होती, कारण इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मनाच्या दुखण्याबद्दल मराठी घरांत मोकळेपणी बोलणं सुरू व्हायला त्यांच्यासारख्यांचा मोठा हात आहे. आता तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. फोन उचलून मराठीत बोलता येतं. ज्यांना देऊळ पुरत नाही त्यांनी हा क्रमांक लावायला संकोचू नये. ज्यांना पुरतं त्यांनीही जवळ ठेवावा.

दुपारी कर्जत बाजूची गाडी धरून विठ्ठलवाडीला उतरले आणि रिक्षानं उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गेले. वहीच्या एका पानावर "उल्हास., चालिहो" असं होतं. ताईची एक सिंधी सहकारी तिला घेऊन गेली होती. उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याणजवळची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली सुमारे लाखभर माणसं इथल्या बराकींत येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हास नदीवरून हे नाव मिळालं. घरं, शेतं, दुकानं, स्मशानंसुद्धा सिंधमध्ये राहिली. येताना काहींनी ज्योत आणली. कॅम्प पाचच्या चालिहो मंदिरातली अखंड ज्योत सिंधमधल्या पीर गोठहून आणल्याचं तिथे सांगतात. दर वर्षी जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवस चालिहोचं व्रत चालतं. मिरखशाह राजाच्या जुलमाला कंटाळून लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस धावा केला आणि त्यांचा देव झूलेलाल प्रकटला, त्याची ही आठवण. शेवटी मटकी डोक्यावर घेऊन पाण्यात सोडतात. ज्या नदीकाठी त्याला हाक मारली ती नदी आता सरहद्दीपलीकडे आहे. माणसांनी उल्हास नदी जवळ केली.

मंदिरात बायका खाली बसल्या होत्या, चपला नीट ओळीत, हवेत अगरबत्तीचा आणि ओल्या कपड्यांचा वास. एका आजींनी मला ताहिरीचा, म्हणजे गोड भाताचा, द्रोण दिला. त्या इथल्याच बराकीत जन्मल्या होत्या. म्हणाल्या, "माझी आई रोज सिंधचं घर आठवायची. ज्योतीत तेल घालून आली की मग चूल पेटवायची." ताईनं इथे येऊन काय पाहिलं असेल ते मला कळलं. आपलं एक माणूस गेलं होतं. इथे अख्खा मुलूख गेलेली माणसं तेल घालत होती.

संध्याकाळी डोंबिवलीला उतरले. पश्चिमेला दिवे लागत होते, आणि दूर मलंगगडाचा सुळका ढगात अर्धा बुडालेला. तिथे हाजी मलंग बाबांच्या दर्ग्यावर माघी पौर्णिमेला हिंदू-मुसलमान दोघंही चढून जातात आणि केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या दर्ग्याची वहिवाट आहे. गडाच्या नावावरून वाद पेटतात, कोर्टात जातात. पण मन बिघडलेली मुलं, सुना, भाऊ घेऊन पायऱ्या चढणारी माणसं वादासाठी चढत नाहीत. मी चढले नाही, माझ्यात त्राण नव्हतं.

फडके रोडवरचं गणेश मंदिर १९२४ पासूनचं. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची पहिली शोभायात्रा याच मंदिरातून निघाली आणि ती रीत महाराष्ट्रभर पसरली. ताईला मात्र भाऊजी गेल्यावर त्या रस्त्यावर दिवाळीची पहाट सोसायची नाही. सगळी तरुण पोरं नटूनथटून जमतात, आणि ही दोघं तिथेच पहिल्यांदा भेटली होती. ती मागच्या गल्लीतून जायची. तिसऱ्या वर्षी एकदा फडके रोडवरूनच गेली आणि रात्री मला फोन करून म्हणाली, "आज गेले गं तिथून." एवढंच.

रात्री भाचीकडे राहिले. ताईच्या पलंगावर झोपले.

मंगळवारी पहाटे कल्याणहून कसारा बाजूची गाडी. कल्याणला रुळांचे दोन फाटे होतात, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. शहाड, आंबिवली, टिटवाळा. शहाडला बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देखणं मंदिर आहे, आषाढीला तिथे रीघ लागते. टिटवाळ्याला उतरल्यावर अर्धी गाडी रिकामी झाली. रिक्षात चौघी, चौघींच्याही हातात दूर्वा.

टिटवाळ्याचा महागणपती लग्नं जुळवणारा म्हणून प्रसिद्ध. पण कथा मुळात विरहाची आहे. शकुंतला कण्वांच्या आश्रमात वाढली आणि तो आश्रम इथे काळू नदीच्या काठी होता, अशी इथली श्रद्धा. दुर्वासांच्या शापानं दुष्यंत तिला विसरला. पोटात मूल, आणि ज्याच्यावर जीव लावला तो ओळखही देत नाही. तेव्हा कण्वांनी तिला गणपतीची स्थापना करायला सांगितलं. मग दुष्यंताला आठवलं. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांनी दुष्काळात इथल्या तळ्याचा गाळ उपसायला घेतला. त्यांना दृष्टान्त झाला आणि गाळात मूर्ती सापडली. माधवराव पेशव्यांच्या काळात देऊळ उभं राहिलं.

मला त्या कथेतला गाळ आवडतो. पाण्यासाठी उपसायला घ्यावं आणि देव निघावा.

देवळात मंगळवारची गर्दी होती, अंगारकीसारखी नाही, पण चांगलीच. मूर्ती शेंदरी, डोळे चमकदार. रांग सरकत गेली. मी ताईच्या वहीतलं शेवटचं पान उघडून धरलं होतं, ते गणपतीलाच दाखवायचं असं काहीतरी डोक्यात होतं. पुजाऱ्यानं पाहिलं, वही घेतली, मूर्तीच्या पायाला लावली, दूर्वेची एक काडी आत ठेवली आणि परत दिली. विचारलं काही नाही. सभामंडपात बसले. शेजारी नवं लग्न झालेलं जोडपं फोटो काढत होतं. एक बाप काखेतल्या बाळाला घंटेपर्यंत उचलत होता. एक मध्यमवयीन बाई डोळे मिटून ओठ हलवत होती, ते थांबेचना. इथे नऊ वर्षं, दर मंगळवारी, या सगळ्यांच्या मधोमध ताई बसत असणार. लग्नं, बाळं, नवस आणि आपलं एकटीचं गेलेलं माणूस. तिला मूर्तीइतकीच ही गर्दीही लागत असावी. देवळाबाहेर तळ्यावर पाऊस पडत होता. पेढे घेतले, एक तिथेच खाल्ला.

वही अर्धी कोरी राहिली होती. मी दोन ओळी लिहायला घेतल्या, पण माझं अक्षर तिच्या अक्षराखाली बघवेना.

बुधवारी सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलनं ठाण्याला निघाले. मुद्दाम ताईच्या डब्यात चढले. तिचा बायकांचा भजनी गट आहे, टाळ-खंजिरी घेऊन रोज चढणारा. तेराव्याला आल्या होत्या, तेव्हा एकीनं सांगितलं होतं, "एकदा गाडीत ये." मला पाहताच सरकल्या, चौथी सीट झाली. कोपर जाईपर्यंत तुकोबांचा एक अभंग झाला, मग नामदेवांचा. शके १५५२ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेवांनी फोडलेला टाहो समाधीच्या अभंगांत आहे. आपण सात-आठशे वर्षं एकमेकांच्या घरचं दुःख गातो आहोत, असं त्या डब्यात बसून वाटलं. शाळामास्तरीण, नर्स, बँकेतली कारकून, सगळ्यांच्या तोंडी पाठ.

दिवा गेलं. मुंब्र्याच्या अलीकडचं वळण आलं. ९ जून २०२५ च्या सकाळी याच भागात दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली आणि त्यांतली काही घरी परतली नाहीत. डोंगरावर मुंब्रादेवीचं देऊळ दिसलं, तसं गाणं न थांबवता सगळ्यांचे हात कपाळाकडे गेले. ज्यांच्या हातात टाळ होते त्यांनी टाळासकट.

मग एकीनं विचारलं, "तिच्या वहीचं काय केलंस?"

मी पर्समधून काढली. म्हटलं, अर्धीच आहे. भरलेली असती तर मठात देऊन टाकली असती.

तिनं वही मांडीवर घेतली, पान शोधलं, दूर्वेची काडी बाजूला सरकवली आणि पर्समधलं पेन काढून ताईच्या खालच्या चौकोनात लिहायला लागली. एक ओळ झाली तशी शेजारणीकडे दिली. शेजारणीनं चष्मा लावला. तिसरीनं कोपऱ्यात तारीख घातली आणि खाली लिहिलं, "डों. ते ठाणे." खाडीचा पूल लागला, डबा हलला, कुणाचा तरी 'श्री' पुढच्या चौकोनात गेला आणि "अगं बाई" म्हणून सगळ्या हसल्या.

ठाणं आलं. वही अजून खिडकीजवळच्या बाईंकडे होती. मी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू दे इकडे. भायखळ्यापर्यंत पान भरेल." मी उतरले. गाडी सुटली तेव्हा खंजिरी पुन्हा सुरू झाली होती.